शंभर यार्डांवरचा डॉक्टर

८ फेब्रुवारी १९०२, दक्षिण आफ्रिकेतलं व्लाकफोंटेन. एक ब्रिटिश डॉक्टर भर गोळीबारात पुढे जाऊन एका जखमी सैनिकाची मलमपट्टी करतोय. समोर जेमतेम १०० यार्डांवर चाळीसेक बोअर बंदूकधारी. तिथलं आटोपून तो एका जबर जखमी अधिकाऱ्याकडे जातो. त्याला नीट निजवताना स्वतःलाच तीनेक गोळ्या लागतात. पार थकल्यावरच तो थांबतो, आणि बाकीच्या जखमींना पाणी मिळेपर्यंत स्वतः घेत नाही.

आर्थर मार्टिन-लीक. यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९१४ मध्ये, वयाच्या चाळिशीत, बेल्जियममधल्या झोनेबेकेजवळ शत्रूच्या खंदकांलगत पडलेले अनेक जखमी त्याने सततच्या गोळीबारात वाचवले. तोच सन्मान पुन्हा मिळाला. दोनदा तो मिळवणारे आजवर तिघेच, आणि हा पहिला. मधल्या काळात तो भारतात बंगाल-नागपूर रेल्वेचा डॉक्टर होता.

या माणसाबद्दल आदर वाटणं सोपं आहे. मग मी त्या पहिल्या युद्धाबद्दल वाचलं. बोअर शेतकऱ्यांची घरं जाळून ब्रिटिशांनी त्यांची बायकामुलं छावण्यांत कोंडली. तिथे २६ हजारांहून जास्त बायका-मुलं मेली, त्यात मुलंच अधिक. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांत आणखी हजारो. त्याच सैन्याच्या जखमींना हा डॉक्टर बरं करत होता. बरा झालेला सैनिक पुन्हा बंदूकच उचलणार ना? शिवाय या युद्धात तो सुरुवातीला डॉक्टर म्हणून आलाच नव्हता, साधा घोडेस्वार शिपाई म्हणून भरती झाला होता.

हा प्रश्न मला उगाच पडला नाही. आमच्या टीमकडे ड्रोनच्या फोटोंतून माणूस ओळखणाऱ्या प्रणालीचं काम आलंय. पुरात अडकलेल्यांना शोधायला, असं सांगितलं गेलं. गच्चीवरचा माणूस सापडतो तसा खंदकातलाही सापडेल, हे आम्हा सगळ्यांना कळतं. ‘टूल न्यूट्रल असतं’ हे वाक्य मी कॉलेजपासून म्हणत आलोय. स्वतःच्या बचावासाठी मला मार्टिन-लीकचं उदाहरण हवं होतं, हे कबूल करतो.

पण ते मला लागू पडत नाही. रक्तस्राव होणाऱ्या माणसाला आधी त्याच्या युद्धाचं कारण विचारणारा डॉक्टर मला नको आहे. तेव्हा व्लाकफोंटेनची मलमपट्टी चांगलीच होती, असं मी मानतो. त्या मलमपट्टीने छावण्या धुऊन निघत नाहीत, आणि त्या सैन्यात आपणहून जाण्याचा हिशेब त्याच्या नावावर वेगळा राहतोच. मात्र आपण कोणाला हात लावतोय हे त्याला दिसत होतं. चुकीची किंमतही त्याच्याच अंगावर येत होती. माझ्या स्क्रीनवर चौकटीतला माणूस म्हणजे ०.९४ असा एक आकडा.

सोमवारच्या कॉलवर मी विचारलं, हे शेवटी वापरणार कोण? ‘ते आपल्या स्कोपमध्ये नाही,’ उत्तर आलं. मी म्युट केलं आणि काम पुढे चालू ठेवलं.