सार्वजनिक ज्ञानाची ठेव आणि तिचा विक्रय

सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान विकण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा वाटला तरी त्याच्या मुळाशी विद्या आणि धन यांच्या नात्याविषयीचा जुना धर्मविचार आहे. भारतीय परंपरेने विद्येला धन म्हटले खरे, परंतु दिल्याने न सरणारे धन म्हणून तिला इतर सर्व धनांपासून वेगळे काढले. आणि म्हणूनच मोबदला आधी ठरवून शिकवणाऱ्या भृतकाध्यापकाला, म्हणजे वेतनावर विद्या देणाऱ्या गुरूला, मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीत बसण्यास अपात्र मानले, तर अध्ययन संपल्यावर शिष्याने यथाशक्ती दिलेली दक्षिणा त्याच ग्रंथाने उचित ठरवली. द्रव्य दोन्हीकडे आहेच; दोष आहे तो ‘इतके दिलेस तरच’ या अटीत. आजच्या सरकारी संशोधनसंस्थांमध्ये मात्र एक अख्खा व्यवसाय नेमक्या या अटीवर उभा आहे.

या व्यवसायाला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. प्रयोगशाळेतील शोधाची नोंद घेणे, तो पेटंटयोग्य आहे की नाही हे ठरवणे, त्याचे उत्पादन करू शकेल असा उद्योग हुडकणे, त्याच्याशी परवान्याचा करार करणे आणि विक्रीतून संस्थेला मिळणाऱ्या हिश्शाची, म्हणजे स्वामित्वधनाची, वसुली पाहणे ही या व्यवसायातील अधिकाऱ्याची कामे होत. त्यासाठी त्याला थोडे विज्ञान, थोडा कायदा आणि बराचसा बाजार कळावा लागतो. भारतात या कामासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ मध्येच स्थापन झाले. म्हशीच्या दुधापासून बालआहार तयार करण्याची म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली पद्धत आणंदच्या सहकारी दूध संघाकडे गेली, दुर्गापूरच्या यांत्रिकी संशोधन संस्थेतील ट्रॅक्टरचा आराखडा ‘स्वराज’ या नावाने पंजाबच्या शेतात उतरला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात नवउद्योगांना आधार देणारे ‘व्हेंचर सेंटर’ २००७ मध्ये उभे राहिले. अमेरिकेने तर १९८० च्या स्टीव्हन्सन-वायडलर कायद्याने हस्तांतरण हे संघराज्याच्या प्रयोगशाळांचे कर्तव्यच ठरवले, आणि १९८६ च्या कायद्याने स्वामित्वधनाचा किमान १५ टक्के वाटा संशोधकाला देऊ केला.

या सगळ्याला ठाम नकार देणारी भूमिका भारतातच घेतली गेली होती. बिनतारी लहरींवर काम करणाऱ्या जगदीशचंद्र बोस यांना १९०१ मध्ये लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या मालकाने पेटंटचा आणि नफ्यातील वाट्याचा प्रस्ताव दिला, तो त्यांनी नाकारला. स्नेह्यांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये त्यांच्या नावे एक अमेरिकी पेटंट निघाले, पण त्यातून धन मिळवण्याची खटपट त्यांनी केली नाही. पुढे १९१७ मध्ये कोलकात्यात स्वतःची संस्था उघडताना, येथील शोध सर्वांच्या मालकीचे राहतील आणि त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ही भूमिका उदात्त आहे यात शंका नाही, पण ती ऋषीची आहे. आपण मिळवलेले ज्ञान वाटून टाकण्याचा अधिकार ऋषीला असतो. सरकारी प्रयोगशाळेतील अधिकाऱ्याच्या हाती असलेले ज्ञान त्याने मिळवलेले नाही, आणि त्याच्या संशोधक सहकाऱ्यानेही ते करदात्याच्या पैशावर मिळवलेले आहे, तेव्हा त्याने दानशूर व्हायचे ते कोणाच्या जिवावर?

येथे दान आणि विक्रय या दोन्ही कल्पना अपुऱ्या पडतात आणि धर्मशास्त्रातील तिसरी कल्पना जवळची ठरते: निक्षेप, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादाच्या विषयांत, निक्षेप दुसरा आहे, आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक असा की ठेवीचा स्वतःच्या इच्छेने वापर करून जो उपजीविका करतो त्याला दंड करावा आणि ठेव वाढीसह परत करायला लावावी. हस्तांतरण अधिकारी हा अशीच ठेव सांभाळणारा आहे. परंतु त्याच्याकडची ठेव सोन्यासारखी नाही, कारण सोने पेटीत पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, तर न वापरलेला शोध काही वर्षांत कालबाह्य होतो, आणि पेटंटची मुदत तर वापर होवो न होवो, २० वर्षांनी संपतेच. त्यामुळे स्मृतिकारांना अभिप्रेत असलेला नियम येथे उलटा होतो: ठेवीला हात न लावणे हाच विश्वासघात ठरतो. दोष न लागावा म्हणून फाइल पुढे न सरकवणारा अधिकारी कायद्याने निर्दोष असेल. धर्मदृष्ट्या त्याला निर्दोष म्हणणे कठीण आहे.

पण वापर व्हावा म्हणून काय काय देऊन टाकायचे? येथे अनन्य परवान्याचा, म्हणजे एकाच उद्योगाला देऊन इतरांना वगळणाऱ्या परवान्याचा, प्रश्न येतो. जे सर्वांना खुले असते त्यासाठी कारखाना उभारायला कोणीच धजत नाही, कारण खर्च पहिल्याने करायचा आणि नक्कल दुसऱ्याने, हा युक्तिवाद अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यामागे होता. या कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना व लहान उद्योगांना ठेवू दिली, मात्र शोध जनतेपर्यंत रास्तपणे पोहोचत नसेल तर सरकारने हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना देण्याचा अधिकारही राखला. एड्सवरील रिटोनाविर आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड या औषधांच्या किमतींवरून असा हस्तक्षेप मागितला गेला तेव्हा तो नाकारण्यात आला. मूळ ठेवीदाराच्या हाती राहिलेला हक्क कधी बजावलाच जाणार नसेल, तर त्या व्यवहाराला विश्वस्तवृत्ती म्हणावे की सभ्य भाषेतील विक्री, हा संशय रास्त आहे. भारतातही याच धर्तीचे एक विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि पुढे मागे घेतले गेले.

कोव्हॅक्सिन या लशीच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्राच्या अगदी दारात आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत करोना विषाणू वेगळा करण्यात आला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये तो हैदराबादच्या भारत बायोटेक या कंपनीला दिला, आणि करारानुसार निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वधन परिषदेला मिळायचे ठरले. एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने खासगी रुग्णालयांसाठी एका मात्रेची किंमत १२०० रुपये जाहीर केली. कारखाना, कुशल कामगार आणि जोखीम कंपनीची होती हे खरे, परंतु विषाणूचा वाण आणि चाचण्यांचा मोठा भार सार्वजनिक होता, हेही तितकेच खरे. पुढे कंपनीच्या पेटंट अर्जात परिषदेचे नाव नसल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि ते अनवधानाने राहिल्याचे सांगून नंतर घालण्यात आले. नाव राहून गेले ही चूक कारकुनी म्हणून सोडून देता येईल, पण निक्षेपाच्या व्यवहारात ठेव कोणाची याची नोंद हीच पहिली गोष्ट असते. टक्केवारीचा हिशेब त्यानंतर येतो. आणि एका मात्रेला किती आकारावे यावर ठेवीदाराचा शब्द चालेल की नाही, हे करार करतानाच ठरवायचे असते, कारण साथ पसरल्यावर घासाघीस करायला कोणाकडेच वेळ नसतो.

मात्र ठेव ठेवणारा कोण, हे सरकारी कागदावरून नेहमी समजतेच असे नाही. केरळमधील अगस्त्य पर्वतराजीत राहणाऱ्या काणी आदिवासींना थकवा घालवणारी ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पती पूर्वापार माहीत होती. त्यांच्या माहितीवरून तिरुवनंतपुरमजवळच्या सरकारी वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले आणि १९९५ मध्ये १० लाख रुपये व २ टक्के स्वामित्वधनावर कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीला परवाना दिला. यातील निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे संस्थेने ठरवले आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी नोंदवण्यात आला. जैवविविधता कायदा येण्याच्या पाच वर्षे आधी कोणतेही बंधन नसताना केलेली ही वाटणी जगभर नावाजली गेली, आणि ते योग्यच होते. तरीही निम्मा वाटा म्हणजे किती न्याय, हे ठरवताना काणींना आधी विचारले गेले नव्हते, आणि वनस्पती संपेल या भीतीने वन विभागाने तिची पाने गोळा करण्यावर निर्बंध आणले तेव्हा ज्यांचे ज्ञान विकले गेले होते त्यांनाच कच्चा माल पुरवणे अवघड झाले. संस्थेच्या करारात वन विभाग पक्षकार नव्हता, आणि काणीही नव्हते.