ज्या कामासाठी सांगितले

हल्ली शनिवारी रात्री हबदाला झाली, पेले धुऊन ठेवले, की आमचा नातू आपला संगणक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतो. इतरांच्या संगणकावर रंगीत चित्रे असतात. याच्यावर असते एक काळी पाटी व तीवर पांढरी अक्षरे. माऊसला तो हात लावीत नाही. ओळीमागून ओळ हुकूम टाईप करतो आणि यंत्र मुकाट्याने काम करते. आम्हांला पोस्टातल्या तारमास्तरची आठवण होते.

“सावता, इकडे ये, तुला गंमत दाखवतो,” असे एके दिवशी तो म्हणाला. (नातवंडे होऊन वीस वर्षे होत आली, तरी ही हाक ऐकली की आम्हांला प्रथम सावता माळी आठवतात. हे त्याला समजावणे अद्याप जमलेले नाही.)

घरच्या मलिद्याचा एक फोटो कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला होता. नातवाने ‘एक्झिफटूल’ असा एक शब्द व पुढे फोटोचे नाव टाईप केले. क्षणात पाटीवर ओळी उतरल्या : फोन कोणत्या कंपनीचा, तारीख कोणती, किती वाजून किती मिनिटे व किती सेकंद, आणि शेवटी अक्षांश-रेखांश. ते आकडे त्याने नकाशावर टाकले, तर आमच्याच इमारतीचे छप्पर पुढे आले! फोटोत दिसत होते फक्त पोहे, खोबरे व फळे. मग त्याने दुसरा हुकूम दिला, तशी ती सर्व माहिती पुसली गेली व फोटो होता तसाच राहिला. साधा फोटो म्हणून पाठविला तर व्हॉट्सॲप ही माहिती आपणच काढून टाकते; डॉक्युमेंट म्हणून पाठविला तर सगळे जसेच्या तसे पोहोचते, असेही त्याने सांगितले. हे मात्र वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावे.

दुसरी गंमत फाईल पुसण्याची. ‘आरएम’ हा हुकूम दिला की फाईल दिसेनाशी होते, परंतु जुन्या फिरत्या डिस्कवर तिचा मजकूर जागच्या जागी असतो. यंत्र फक्त यादीतून नाव काढते. वॉर्डच्या फळ्यावरून नाव पुसावे आणि रोगी मात्र खाटेवर पडलेला असावा, तसा हा प्रकार. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जाणकार मनुष्य तो मजकूर परत काढू शकतो.

तिसरी गंमत ऐकून मात्र आम्हांला हसू आले नाही. या काळ्या पाटीवर आपण जे जे टाईप करतो ते यंत्र एका वहीत लिहून ठेवते. ‘हिस्टरी’ म्हटले की सारे बाहेर. कुणी चुकून पासवर्ड टाईप केला असेल तर तोही. पण काही यंत्रांवर ओळीच्या आरंभी एक रिकामी जागा सोडली, तर ती ओळ वहीत उतरत नाही. “एवढीशी जागा, सावता,” नातू बोटांची चिमूट दाखवीत म्हणाला, “की तू काय केलेस ते कुणालाच कळत नाही.”

आम्हांला एक दुसरी वही आठवली. तिच्यात अशी जागा सोडण्याची सोय नव्हती.

आम्ही नर्सची नोकरी धरली तेव्हा रोग्याचा कागद खाटेच्या पायथ्याशी टांगलेला असे. तो वाचायचा तर खाटेपर्यंत चालत जावे लागे, आणि रोगी आपल्याकडे पाहत असे. “काय लिहिलंय सिस्टर?” असे विचारी. पुढे कागद गेले व संगणक आले. ड्यूटीच्या खोलीत बसून, चहा पिता पिता, दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचा सारा इतिहास समोर येऊ लागला. काम सोपे झाले, औषधांच्या चुका कमी झाल्या, हे कबूल केलेच पाहिजे. पण ती चार पावले गेली, आणि ती नजरही गेली.

आमच्या ओळखीच्या एक बाई होत्या. आपल्याच समाजातल्या, आमच्याहून वयाने मोठ्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. एके दिवशी त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसल्या. “काही नाही गं, साधी तपासणी,” असे म्हणून त्या पुढे गेल्या. आमच्या वॉर्डात त्या नव्हत्या. त्यांच्या उपचाराशी आमचा सुतराम संबंध नव्हता. त्या रात्री काम थोडे हलके असताना आम्ही त्यांचे नाव टाईप केले व फाईल उघडली.

का उघडली? काळजीने. हे खोटे नाही. पण काळजीत कुतूहल किती मिसळले होते ते आजही आम्हांला नीट वेगळे काढता येत नाही. वाचले ते हलके नव्हते. येथे रोगाचे नाव लिहीत नाही, गावाचेही लिहीत नाही; लिहिले तर तोच अपराध दुसऱ्यांदा घडेल.

आम्ही कुणाला सांगितले नाही. घरीसुद्धा नाही. म्हणून आपण निर्दोष आहोत असे आम्ही स्वतःला बरेच दिवस समजावीत होतो. पुढे एका मेंदीच्या समारंभात मावशी भेटल्या. आमच्याकडून नकळत त्यांना खुर्ची दिली गेली, हातातली पिशवी घेतली गेली, आणि पोरांना “मावशींना धक्का लावू नका रे” असे सांगितले गेले. त्यांनी आमच्याकडे पाहिले. एक शब्द बोलल्या नाहीत. पण त्यांना कळले होते, आणि त्यांना कळले हे आम्हांलाही कळले. पूर्वी त्या रक्तदाब पाहून घ्यायला आमच्याकडे येत. त्यानंतर आल्या नाहीत. दीड वर्षाने त्या वारल्या. क्षमा मागायची तर काय म्हणून मागायची, हे ठरविण्यात तो काळ निघून गेला.

रुग्णालयाच्या संगणकात त्या रात्रीची नोंद आहे : कर्मचाऱ्याचा नंबर, तास, मिनिट. कोणी ती तपासली नाही. आम्हांला कोणी जाब विचारला नाही.

तेव्हा प्रश्न असा की, जे पाहण्याची किल्ली आपल्या हाती आहे, ते पाहण्याचा अधिकारही आपल्याला आहे काय? आणि कुणाला न सांगता केवळ पाहिले, तर नुकसान ते काय झाले?

आपल्या शास्त्रींनी याचा विचार फार पूर्वी केला आहे. सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या दारासमोर दार व खिडकीसमोर खिडकी पाडू नये असे मिश्नात सांगितले आहे, आणि नुसत्या पाहण्यानेही इजा होते हा विचार तल्मूदमध्ये आहे. परक्याचे पत्र त्याच्या परवानगीवाचून उघडणाऱ्यावर बहिष्कार घालण्याचा हुकूम जर्मनीतील माइन्त्सच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावे सांगितला जातो. त्याला सुमारे एक हजार वर्षे झाली. आमचे पूर्वज तेव्हा कोकणात घाणे चालवीत होते, त्यांच्या कानी तो हुकूम कसा यावा! आमच्या आजोळी अलिबाग तालुक्यात पोस्टकार्ड आले की पोस्टमन वाचूनच आणून देई, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना त्याचा उपयोगच होई. पण अंतर्देशीय पत्र आले, तर तोच पोस्टमन ते उजेडापुढे धरीत नसे. मुंबईच्या चाळीतही दारे दिवसभर उघडी असत. गॅलरीतून जाताना मात्र समोर पाहून चालावे असे आई सांगे. दार उघडे आहे याचा अर्थ ‘आत पाहा’ असा कोणी करीत नसे.

इस्रायलचा खासगीपणाच्या रक्षणाचा कायदा १९८१ सालचा आहे. निवृत्तीनंतर नातवाच्या मदतीने आम्ही तो थोडा वाचला. त्याच्या दुसऱ्या कलमात खासगीपणाचा भंग कशाकशाने होतो ते दिले आहे. चोरून ऐकणे, पाळत ठेवणे ही अपेक्षित नावे आहेतच. पण एक पोटकलम वाचून आम्ही थांबलो. एखाद्याच्या खासगी गोष्टींची माहिती ज्या कामासाठी दिली गेली, त्याहून दुसऱ्या कामासाठी वापरणे हाही भंगच, असा त्याचा आशय आहे. म्हणजे माहिती दिली याचा अर्थ ती दान केली असा नव्हे. ती एका कामापुरती हाती ठेवली. मावशींनी ती बरे होण्यासाठी डॉक्टरांच्या हाती ठेवली होती, आमच्या काळजीसाठी नव्हे. १९९६ च्या रुग्ण-हक्क कायद्यानेही रुग्णसेवेतल्या माणसांवर गुप्ततेचे बंधन घातले आहे. ऑगस्ट २०२५ पासून खासगीपणाच्या कायद्यातली तेरावी दुरुस्ती अमलात आली असून, मोठाल्या माहितीसाठ्यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना जबर दंडाची ताकद मिळाली आहे. चांगलेच झाले. पण दंड त्याला, जो सापडतो.

काम चांगले असले तर? हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या आरंभी, दहशतवाद्यांचा माग काढण्यासाठी शिन-बेतजवळ असलेली फोनची यंत्रणा सरकारने रोग्यांचा व त्यांच्या सहवासात आलेल्यांचा माग काढायला लावली. आम्ही त्या वेळी वॉर्डात होतो, तोंडावर दोन-दोन मास्क बांधून. आम्हांला ते योग्य वाटले होते, आणि आजही सर्वस्वी अयोग्य वाटत नाही. परंतु त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हे चालू ठेवायचे तर क्नेसेतने कायदा केला पाहिजे. आणि मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने त्या वापरावर मोठी मर्यादा घातली. म्हणजे एका कामाची माहिती दुसऱ्या कामाला लावली, पण उघडपणे लावली, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला उभे राहायला जागा होती. आमच्या ड्यूटीच्या खोलीत त्या रात्री ‘नाही’ म्हणायला कोण होते? मावशी घरी झोपल्या होत्या.

जागा सोडण्याच्या, पुसण्याच्या, कुलपे लावण्याच्या युक्त्या नातवाने शिकविल्या त्या उपयोगाच्या आहेत. चोरापासून त्या वाचवितात. ज्याच्या हाती आपणच किल्ली दिली त्याच्यापासून वाचवीत नाहीत. २००६ साली देशाची लोकसंख्या-नोंद एका सरकारी खात्यात कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाने उचलून घरी नेली. त्याने काही फोडले नव्हते. कामासाठी ती त्याच्या हातीच होती. पुढे ती हातोहात फिरली, कुणाचे आईबाप कोण, भावंडे कोण हे शोधून देणारा प्रोग्राम तिच्यापासून तयार झाला व तो इंटरनेटवर आला. अटका झाल्याचे जाहीर व्हायला २०११ उजाडले. आमच्या ओळखीच्या एका घरी तो प्रोग्राम होता. मुलाला सांगून आलेल्या मुलीचे खरे वय पाहायला वापरला, असे त्या घरच्या बाईंनी हसत सांगितले. आम्हीही हसलो होतो.

आणि ज्याने किल्ली दिली, त्याने ती सगळ्या घरादाराच्या वतीने दिलेली असते, हा आणखी एक घोटाळा. थुंकीच्या नमुन्यावरून वंश व नातेवाईक शोधून देणाऱ्या ट्वेंटी-थ्री-अँड-मी या अमेरिकन कंपनीत २०२३ साली चोर शिरले. त्यांनी प्रत्यक्ष उघडली सुमारे चौदा हजार खाती. नातेवाईक जोडून देण्याच्या सोयीमुळे हाती लागली सुमारे एकोणसत्तर लाख माणसांची माहिती, आणि तिच्यातून अश्कनाझी यहुद्यांची म्हणून एक यादी विक्रीस निघाली. चुलतभाऊ सापडावा म्हणून दिलेली थुंकी!

आमच्या लोकांना यात काय भय आहे ते फोड करून सांगायला नको. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्रायल वधूवरांच्या आई, आजी व त्यामागे शक्य तितक्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा नियम केला. लोकांनी लढा दिला, तेव्हा १९६४ मध्ये त्यातून आपले नाव निघाले. आम्ही त्या वेळी मुंबईत लहान होतो. पण घरी आलेली पत्रे मोठ्याने वाचलेली आठवतात, आणि वाचताना वडिलांचा थांबलेला आवाजही. आजीचे नाव घरी मलिद्याच्या वेळी प्रेमाने घेतले जाते. तेच नाव फॉर्मवर विचारले की तोंड कडू होते. नाव तेच असते.

गेल्या महिन्यात आमच्या रक्ताची तपासणी झाली. निकाल कुपत होलीमच्या ॲपवर येतो व अक्षरे फार बारीक असतात, म्हणून मुलीने फोन करून सांगितले, “इमा, मला तुझा कोड दे, मी बघून सांगते.” आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. “फक्त रक्ताचे बघ हं,” असे सांगून कोड दिला. तिला त्या बोलण्याचे नवल वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रक्त चांगले होते, साखर किंचित वाढली होती. मग ती जराशी थांबली व म्हणाली, “इमा, तू झोपेच्या गोळ्या कधीपासून घेतेस? आणि आम्हांला सांगितले का नाहीस?”

तिचा आवाज काळजीचा होता. आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही.