श्रींची इच्छा आणि माणसाचे पाऊल

अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे 1916 साली जन्मलेल्या गोपाळ नीलकंठ दांडेकर यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांचा विचार करताना दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा यत्न, यांच्या नात्याचा जुना प्रश्न टाळता येत नाही. कारण ‘हे तो श्रींची इच्छा’ या एका शीर्षकातच स्वराज्याचे कर्तेपण ईश्वराच्या पदरात घातलेले दिसते. इच्छा श्रींचीच असेल, तर मावळ्याच्या रक्ताला मोल कोणते? येथे दांडेकरांचे आयुष्यच साक्षीला येते: तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यासाठी घराबाहेर पडलेला, पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिलेला आणि नर्मदेची परिक्रमा, म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून घालायची प्रदक्षिणा, पायी केलेला हा लेखक गडकोटही पायांनीच वाचत गेला. परिक्रमेत वाट नदी ठरवते, पाऊल मात्र वाटसरूलाच उचलावे लागते. ईश्वरेच्छेचा हाच अर्थ, जो हातपाय गाळून बसण्याला मुळीच थारा देत नाही, अधिक ग्राह्य ठरतो. दांडेकरांना 1976 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच भटकंतीच्या ‘स्मरणगाथा’साठी.