उरलेल्या तारांवरचा भार

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या घाटवाटांवर माउंटन बाइक घेऊन निघणारे दिसू लागतात. दगडगोट्यांच्या उतारावर कधीतरी मागच्या चाकातून टण्‌कन आवाज येतो आणि एक स्पोक तुटतो. चाक डुलू लागतं, पण फिरत राहतं. सायकलस्वार तुटलेली तार शेजारच्या तारेभोवती गुंडाळतो आणि सावकाश घर गाठतो. यात त्याचं काही चुकलं नाही. आडवाटेला दुसरा इलाज नसतो. प्रश्न पुढच्या रविवारचा आहे. त्याच चाकावर तो पुन्हा डोंगराकडे निघाला, तर काल जी अडचण होती ती आज त्याची निवड झालेली असते.

माउंटन बाइकच्या चाकात बहुधा 32 किंवा 28 स्पोक असतात, जाडीला जेमतेम 2 मिलिमीटर. एकटी तार दोन बोटांत सहज वाकेल. तरीही सगळ्या तारा मिळून माणसाचं वजन पेलतात, कारण प्रत्येक तार ताणून बसवलेली असते. निम्म्या तारा रिमला डावीकडे ओढतात, निम्म्या उजवीकडे, आणि या ओढाताणीचा तोल जमला की चाक सरळ धावतं. एक तार गेली की रिम दुसऱ्या बाजूला कलते आणि गेलेल्या तारेचं काम शेजारणींवर पडतं. स्पोक सहसा एका धक्क्यानं तुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो थोडा सैल होतो, पुन्हा ताणला जातो. असं लाखो वेळा झाल्यावर हबजवळच्या वळणाशी तो थकून तुटतो. भार वाढलेल्या शेजारच्या तारा मग आणखी लवकर थकतात. म्हणून स्पोक एकामागून एक तुटू लागले, की जाणता कारागीर नुसता आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून देत नाही, सगळ्या तारा बदलायला सांगतो.

रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींत चाक डुलू लागलं की रबर दर फेऱ्याला घासायचं. त्या कुरकुरीनं सायकल दुरुस्तीला न्यावीच लागे. आजच्या डिस्क ब्रेकची पकड हबजवळच्या चकतीवर असते. ब्रेक उत्तम लागतो, पण रिम बरीच डुलली तरी तो तक्रार करत नाही. यंत्राची तक्रार थांबली, म्हणजे पाहण्याची जबाबदारी आता पूर्णपणे माणसावर आली.

‘धोका माझा आहे, मी पत्करतो,’ असं काही जण म्हणतात. पण पाऊलवाट एकट्याची नसते. खालून मोळी घेऊन येणारी बाई असते, गुरं वळणारा पोरगा असतो, मागून उतरणारे सोबती असतात. उतारावर चाक कोलमडलं, तर जखमी माणसाला उचलून आणायला तेच धावतात. त्यांना विचारून कुणी धोका पत्करलेला नसतो.

या खेळाची सुरुवात करणारे निष्काळजी नव्हते. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत 1976 मध्ये काही तरुणांनी जुन्या, दणकट सायकलींवर डोंगर उतरण्याची शर्यत सुरू केली. उतार इतका तीव्र, की मागच्या हबमधल्या ब्रेकच्या उष्णतेनं ग्रीस जळून जाई. मग हब उघडून त्यात नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडलं. वेगाचं वेड होतं, पण त्या वेगाची किंमत ते स्वतःच्या हातांनी चुकती करत होते.

एक तार तुटली की तिचा भार उरलेल्या तारांवर पडतो, तसंच माणसांच्या कामातही घडतं. रुग्णालयातल्या वॉर्डात एका परिचारिकेची जागा रिकामी होते आणि महिनोन्‌महिने भरली जात नाही. उरलेल्या जणी जादा पाळ्या करतात, सुट्ट्या सोडतात. औषधं वेळेवर मिळतात, वॉर्ड चालू राहतो, आणि व्यवस्थापन त्यावरून ठरवतं की नव्या माणसाची गरजच नाही. उरलेल्यांच्या निष्ठेचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर होतो. हा अन्याय आहे. काम चालू आहे एवढ्यावरून ते नीट चाललं आहे असं ठरत नाही. ते कुणाच्या जिवावर चाललं आहे, हे पाहावं लागतं. अडीनडीला चार दिवस जादा भार उचलणं हा माणुसकीचा भाग आहे. तो भार कायमचा त्यांच्याच अंगावर टाकणं ही पिळवणूक आहे.

या रविवारी सायकल बाहेर काढण्यापूर्वी दोन्ही चाकांचे स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबून पाहा. एखादा सैल किंवा तुटलेला सापडला, तर डोंगर पुढच्या आठवड्यावर ढकला आणि आधी दुरुस्तीचं दुकान गाठा. आणि सोमवारी कामावर गेलात, की गेलेल्या माणसाचं काम कोण करतंय ते विचारा. आणि ती जागा भरण्याचा अधिकार तुमच्या हाती असेल, तर ती भरा.