उसनी शांति

चिंता हा मनुष्याचा शत्रु कीं पहारेकरी, हा वाद जुना आहे. पुष्कळदां ती त्यास सावध करिते. पण तीच अनावर झाली म्हणजे झोंप, भूक व धैर्य हिरावून नेते. अशा पीडितास ‘मन आवरा’ असा कोरडा उपदेश करणें आम्हांस निष्ठुरपणाचें वाटतें.

या व्यथेवर अमेरिकेंत १९६० सालीं लिब्रियम व १९६३ सालीं व्हॅलियम हीं औषधें आलीं. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनाचें तें फळ. आपल्याकडे परिचित असलेल्या अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम या गोळ्या त्याच बेन्झोडायझेपिन कुळांतल्या. मेंदूची खळबळ शमविणारें गाबा नांवाचें जें स्वाभाविक द्रव्य आहे, त्याचा प्रभाव त्या वाढवितात. पूर्वींच्या बार्बिट्युरेट औषधांहून त्या कमी धोक्याच्या, म्हणून त्यांचें स्वागत झालें, तें गैर नव्हतें.

परंतु ही शांति उसनी आहे. कांहीं आठवड्यांच्या नित्य सेवनानें मेंदू तिला सरावतो. मग गोळी एकाएकीं सोडली तर अस्वस्थता, निद्रानाश व कंप उसळून येतात. प्रसंगीं झटकेही येतात. रोग्यास वाटतें, मूळचा रोगच बळावला. आणि तो पुन्हां गोळीकडे धांवतो. मद्याची किंवा अफूजन्य औषधांची जोड मिळाल्यास श्वास मंदावून प्राणावरही बेततें. अवलंबित्वाचा इशारा माहितीपत्रकांत ठळक चौकटींत घालण्यास अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें भाग पाडलें, तें २०२० सालीं. म्हणजे साठ वर्षांनीं.

आतां प्रश्न असा कीं, हें सारें रोग्यास आरंभींच सांगावें काय? कोणी म्हणेल, आधींच भ्यालेल्यास आणखी भय कां दाखवावें? या म्हणण्यांत दया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण न सांगितलेलें संकट टळत नाहीं. तें मध्यरात्रीं, एकट्यास, अर्थ न कळतां गांठतें. ऋण देणारा मुदत व व्याज लपवील तर त्यास आपण लबाड म्हणतों. मग शांति देणाऱ्यानें तिची फेड सांगूं नये, हा कोणता न्याय? गोळी किती आठवडे घ्यावयाची आणि कोणत्या क्रमानें उतरवावयाची, हें पहिल्याच चिठ्ठीबरोबर सांगणें, हीच आमच्या मतें खरी दया.

घरच्यांचेंही कर्तव्य आहे. ‘व्यसन जडलें’ म्हणून गोळ्या फेंकून देणें हा सद्धेतूनें केलेला घात होय; शेजाऱ्याच्या डबींतली गोळी आणून देणें हा दुसरा. डॉक्टरांच्या सल्ल्यानें, हळूहळू मात्रा उतरवीत, ती सोडतां येते. उसनें घेणें हें पाप नव्हे. पण आपण उसनें घेत आहों, हें घेणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.