दोन आठवड्यांची सेवा

अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली गॅबनमधील लांबारेने येथे गेले. मध्यंतरी युरोपास जाऊनही ते परतत राहिले आणि १९६५ साली तेथेच निवर्तले. आज कित्येक ख्रिस्ती मंडळ्या दोन आठवड्यांपुरत्या आफ्रिकेतील अनाथालयांत जातात. त्यांचा हेतू निर्मळ असतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मुलाला लळा लागतो न लागतो तोच पाहुणा निघून जातो. बदलीच्या वेळी सवंगड्यांना सोडताना आमचीही मुले रडतात. पण त्यांचा हात धरावयास आम्ही असतो. तेथे कोण असते? अनाथालयांतील बहुतेक मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. मग प्रवासाचा तो खर्च त्या घरांपर्यंत पोहोचविणे, ही अधिक खरी सेवा नव्हे काय? तीत आठवणी कमी मिळतील, एवढेच.