सलत राहावं म्हणून राखलेलं गाव

सरहद्दी नद्यांवरून ठरतात, तहांवरून ठरतात, कधी राजघराण्यांच्या सोयरिकींवरून ठरतात. ब्यूझिंगनची सरहद्द भाऊबंदकीतून ठरली.

ऱ्हाईनच्या उजव्या काठावरचं हे जर्मन गाव साडेसात चौरस किलोमीटरचं आहे आणि वस्ती दीड हजाराच्या आसपास. कारभार जर्मनीच्या कोन्स्टान्त्स जिल्ह्यातून चालतो, पण सभोवती सगळा स्वित्झर्लंड. जर्मनीची मुख्य भूमी सर्वांत जवळच्या जागी जेमतेम सातशे मीटरवर आहे. मधली पट्टी डोर्फलिंगन या स्विस गावाची. बाजारहाटाचं शहर म्हणजे शाफहाउजन, तेही स्विसच.

सतराव्या शतकात इथला जहागीरदार होता एबरहार्ड इम टुर्न. मांडलिक ऑस्ट्रियाचा, गणगोत मात्र प्रोटेस्टंट शाफहाउजनमधलं. हा कॅथलिकांकडे झुकतोय, असा आप्तांना संशय. 1693 साली त्यांनी त्याला उचलून शाफहाउजनला नेलं आणि तिथे त्याला जन्मठेप झाली. ऑस्ट्रियाने डोळे वटारले, सैन्याची भीती घातली, तेव्हा कुठे 1699 मध्ये तो सुटला. हा अपमान व्हिएन्नाचा दरबार विसरला नाही. 1770 मध्ये ऑस्ट्रियाने शेजारच्या रामसेन आणि डोर्फलिंगनवरचे हक्क झुरिचला विकले, पण ब्यूझिंगन हातचं सोडलं नाही. शाफहाउजनच्या डोळ्यांत ते कायम सलत राहावं, एवढाच हेतू. डोर्फलिंगन गेलं आणि ब्यूझिंगनचं बेट झालं.

पुढे राग धरणारेच इथून गेले. 1805 मध्ये गाव व्युर्टेम्बर्गकडे आलं, 1810 मध्ये बाडेनकडे. नव्या धन्यांना इम टुर्नशी काही देणंघेणं नव्हतं, तरी हद्द जागची हलली नाही. वैर संपलं की त्याची दफ्तरंही जळून जातात, असं आपण उगाच धरून चालतो. दफ्तरं वैरापेक्षा चिवट असतात. 1918 मध्ये गावाने मतदान केलं आणि शंभरातल्या शहाण्णवांनी स्वित्झर्लंडच्या बाजूने कौल दिला. पण बदल्यात द्यायला स्वित्झर्लंडकडे सोयीची जमीन नव्हती, म्हणून गाव होतं तिथेच राहिलं. लोकेच्छेला एवढं साधं, जवळजवळ दुकानदारी उत्तर मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

तोडगा निघाला तो 1964 च्या करारात. अंमल 4 ऑक्टोबर 1967 पासून. फेरेनाहोफ नावाची तीन घरांची जर्मन वाडी स्वित्झर्लंडला मिळाली. ब्यूझिंगनचं सार्वभौमत्व जर्मनीकडेच ठेवलं आणि गाव स्विस जकातीच्या हद्दीत घेतलं. मला हा करार फार शहाणा वाटतो. ध्वजाला हात न लावता त्याने रोजचं जगणं हलवलं. गावाला दोन्ही देशांचे पिनकोड आहेत, दोन्हीकडचे फोन लागतात. कायदेशीर चलन युरो, पण व्यवहारात फ्रँकच जास्त. गाड्यांच्या पाटीवर ‘बी, यू, एस’ अशी स्वतंत्र अक्षरं, यूवर दोन टिंबं. स्विस जकातवाल्याला गाडी आपल्यातली की परकी, हे लांबूनच कळावं म्हणून. गावचा फुटबॉल संघ जर्मन, खेळतो स्विस लीगमध्ये. पोलिसांचेही आकडे करारात बांधलेले: स्विस पोलीस एका वेळी दहाच्या वर नकोत.

सगळ्यात गंमत घड्याळाची. 1980 च्या उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीने घड्याळं तासभर पुढे केली, स्वित्झर्लंडने केली नाहीत. ब्यूझिंगन स्विस वेळेवर राहिलं, म्हणजे आपल्याच देशाच्या तासभर मागे. पुढच्या वर्षी स्विसांनीही घड्याळं फिरवली आणि तफावत मिटली. पण त्या एका उन्हाळ्यापायी संगणकांच्या जागतिक वेळ-यादीत आज ब्यूझिंगनच्या नावाची वेगळी नोंद आहे.

कर मात्र करारातून निसटला. पगार स्विस, किराणा स्विस भावाने, प्राप्तिकर जर्मन दराने. सरकार काही सवलत देतं, गावकऱ्यांना ती अपुरी वाटते. कमावती तरुण कुटुंबं थोडं पलीकडे स्विस गावात घर करतात, मागे पांढऱ्या केसांची माणसं वाढत जातात. आणि गावचा महापौर कोणीही असो, बर्लिनकडे मागणं तेच असतं, करसवलत वाढवा.